दगडातलं बिऱ्हाड

अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात कुठल्याही फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये शिरा, भिंतीला साखळीने बांधलेले उंच सिलिंडर उभे दिसतील. त्यातले बरेचसे आर्गनचे असतात. स्टेनलेस स्टीलला टिग वेल्डिंग करायचं तर आर्गन हवाच. इथले वेल्डर 'टिग' वगैरे म्हणतच नाहीत, सरळ 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात. धातू वितळलेला असताना हवेतला ऑक्सिजन त्याला लागू नये म्हणून मिनिटाला आठ-दहा लिटर आर्गन त्यावर सोडत राहायचा. जोड थंड झाला की त्याचं काम संपलं, वायू हवेत निघून जातो. तो ना कशाला चिकटतो, ना कशाशी भांडतो.

आमच्याकडे खेडचे एक वेल्डर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय साठीच्या जवळ, हात मात्र अजून असा स्थिर की पाहत राहावं. परवा दुपारच्या चहाला त्यांनी मला विचारलं, "साहेब, ऑक्सिजन झाडं सोडतात. मग हा आर्गन कोण सोडतं?"

मी म्हटलं, "दगड."

चाचा हसले. साहेब थट्टा करतायत असं त्यांना वाटलं असावं. पण मंडळी, थट्टा नव्हे, उत्तर खरंच तेवढंच आहे. फक्त त्याच्या मागे जी गोष्ट आहे ती जरा लांबलचक आहे. चहाच्या वेळात ती मावली नाही म्हणून आज इथे लिहितोय.

सिलिंडरमधला आर्गन कारखान्यात हवेतूनच काढतात. हवा थंड करत करत द्रवरूप करायची आणि मग वेगवेगळ्या तापमानाला एकेक वायू वेगळा करायचा. नायट्रोजन उणे १९६ अंशाला उकळतो, आर्गन उणे १८६ ला, ऑक्सिजन उणे १८३ ला. कोरड्या हवेत आर्गन ०.९३ टक्के आहे. थोडा वाटतो ना? पण कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो वीसपटीहून जास्त आहे. सगळ्या वातावरणातला मिळून सुमारे ६६ लाख कोटी टन भरेल. इतकं असूनही १८९४ पर्यंत तो कुणाला ओळखता आला नव्हता, कारण तो कशाशीच संयोग करत नाही. त्या वर्षी रॅले आणि रॅम्से या दोघांनी त्याला पकडलं आणि ग्रीक भाषेतून नाव दिलं 'आर्गॉन', म्हणजे आळशी!

आता खरी गंमत. हवेतल्या आर्गनपैकी ९९.६ टक्के हा आर्गन-४० या एकाच प्रकारचा आहे. सूर्यात आणि ताऱ्यांत असं नाही, तिथे आर्गनचे हलके प्रकारच जास्त. मग पृथ्वीवरच हा ४० वाला एवढा कुठून आला? तर पोटॅशियममधून. पोटॅशियम म्हणजे केळ्यात असतं म्हणून डॉक्टर सांगतात तेच. त्याच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो. त्याचं अर्धआयुष्य १२५ कोटी वर्षं. या अणूंपैकी बहुतेकांचं शेवटी कॅल्शियम होतं, पण शंभरातल्या सुमारे अकरांचा आर्गन-४० होतो.

आणि पोटॅशियम असतं कुठे? खडकांतल्या खनिजांत. फेल्डस्पार, अभ्रक, हॉर्नब्लेंड अशी ती खनिजं. म्हणजे आर्गनचा जन्म होतो तोच दगडाच्या आत. पोटॅशियमचा अणू खनिजाच्या जाळीत नात्यागोत्यासकट बसलेला असतो, आजूबाजूच्या ऑक्सिजनच्या अणूंशी त्याचे बंध असतात. एके दिवशी त्याचा आर्गन होतो आणि त्या क्षणी सगळी नाती संपतात. जागा तीच, शेजारी तेच, पण आता याचं कुणाशी काही देणंघेणं नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर घरमालकाचा बिऱ्हाडकरू झाला.

मग तो निघून का जात नाही? कारण दार अरुंद आहे. खनिज थंड असेल तर जाळीतले अणू इतके दाटीने बसलेले असतात की आर्गनला त्यातून सरकायला वाट मिळत नाही. खनिज तापलं की अणूंची थरथर वाढते, फटी रुंदावतात आणि तो बाहेर पडतो. प्रत्येक खनिजाची सहनशक्ती वेगळी. हॉर्नब्लेंड साधारण ५०० अंशांपर्यंत आर्गन धरून ठेवतं, काळं अभ्रक ३०० अंशांच्या आसपासच सोडून देतं. म्हणून खडक शेवटचा कधी तापला होता हे त्यात साठलेल्या आर्गनवरून काढता येतं. दगड मोजून घ्यायचा, तापवायचा, आर्गन किती निघाला ते बघायचं आणि पोटॅशियम किती शिल्लक आहे त्याच्याशी हिशेब मांडायचा. (हल्ली आधी अणुभट्टीत ठेवून थोड्या पोटॅशियमचा आर्गन-३९ करतात, म्हणजे दोन्ही मोजमापं एकाच वायूतून निघतात.) पवईच्या आयआयटीत हे काम करणारी राष्ट्रीय सुविधा आहे.

याच घड्याळाने आपल्या सह्याद्रीचं वय काढलंय. दख्खनचे लाव्हाचे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आपला काळा बेसाल्ट पोटॅशियमच्या बाबतीत तसा गरीब, त्यामुळे त्यातला आर्गन मोजणं हे जिकिरीचं काम. पण मुंबईत ट्रॅकाइट नावाचा पोटॅशियमने श्रीमंत खडक सापडतो. २००१ साली मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइटची वयं प्रसिद्ध झाली, ती निघाली ६ कोटींहून जरा जास्त. म्हणजे मुख्य लाव्हा ओतून झाल्यावरही मुंबईत ज्वालामुखीचा कार्यक्रम चालूच होता. साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या मंडळींनी वेळ घालवायला हे लक्षात ठेवायला हरकत नाही :-)

आर्गननंतर हेलियम. त्याची गोष्ट तर आमच्या तालुक्यातलीच. मी मूळचा देवगडकडचा. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्या वेळी लॉकियर साहेबाने तिथे दुर्बिणी लावून हेलियम शोधला असं आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो. कागदपत्रं मात्र थोडं वेगळं सांगतात. ग्रहणाचा पट्टा कोकणातून पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला हे खरं. पण त्या दिवशी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात पिवळी रेषा पाहणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होते गुंटूरला. लॉकियर होते इंग्लंडात, आणि त्यांनी ग्रहण नसतानाच, २० ऑक्टोबरला, तिथूनच ती रेषा पाहिली. ती कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम असं नाव पडलं. तरीही १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो याचा मला आनंदच आहे. मूलद्रव्याचा वाढदिवस करणारी गावं जगात असतील किती?

पुढची सत्तावीस वर्षं हेलियम फक्त सूर्यावरचाच राहिला. १८९५ साली त्याच रॅम्सेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल ओतलं, वायूचे बुडबुडे निघाले, वर्णपट पाहिला तर तीच पिवळी रेषा. सूर्यावर शोधलेला वायू दगडाच्या पोटात सापडला! कारण पुढे कळलं. युरेनियम आणि थोरियम फुटताना जे अल्फा कण बाहेर पडतात ते हेलियमचेच अणुगर्भ. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू थोरियमने भरलेली आहे, ती तापवली तर तिच्यातूनही हेलियम निघतो.

हेलियम आर्गनहून फार लहान, त्यामुळे त्याला धरून ठेवणं कठीण. (आमच्या कामात गळती शोधायला हेलियम वापरतात तो याचसाठी. जिथून हेलियम गळत नाही तिथून काहीच गळत नाही.) बहुतेक खनिजांतून तो हळूहळू निसटतो, खडकांच्या भेगांतून वर येतो आणि हवेत गेला की इतका हलका की शेवटी अंतराळात जातो. हवेत तो दहा लाखात जेमतेम पाच भाग उरलाय. वाटेत कुठे नैसर्गिक वायूच्या साठ्यावर पक्कं झाकण असलं तरच तो अडकतो. असाच एक प्रचंड साठा आमच्या शेजारी, कतारमध्ये. तिथल्या वायूत हेलियम टक्क्याच्या काही शतांशच आहे, पण वायू इतका काढतात की २००५ पासून रास लफानला हेलियम वेगळा करणं परवडू लागलं. २०१७ च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा जगाचा सुमारे ३० टक्के हेलियम तिथून येत होता आणि त्याचे टँकर सौदीतून रस्त्याने दुबईच्या जेबेल अलीला येत होते. रस्ता बंद झाला आणि कतारला आपले दोन्ही प्लांट काही दिवस बंद ठेवावे लागले. आमच्या सप्लायरने त्या महिन्यात फोन उचलणंच सोडून दिलं. एमआरआय मशीनची चुंबकं थंड ठेवायला लागणारा वायू हाच, म्हणून जगभरच्या हॉस्पिटलांना धडकी भरली. कोट्यवधी वर्षं दगडाखाली निवांत पडलेल्या वायूची वाट चार माणसांच्या सह्यांनी अडली. आम्हा इथल्या लोकांना सहीची किंमत वेगळी सांगायला नको.

आमचंही बिऱ्हाडच की! मी कंपनीच्या व्हिसावर, बायको आणि लेक माझ्या व्हिसावर. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचं पान चिकटवायचे, २०२२ पासून सगळं एमिरेट्स आयडीवर आलं. दर दोन वर्षांनी मेडिकल, फी आणि पुन्हा दोन वर्षं. इथे येऊन मला वीसहून जास्त वर्षं झाली. लेक इथलीच, अजमानमध्ये जन्मलेली. कुणी वाईट वागवलं असं नाही. उलट शेजारपाजार, मित्र, गणपती, दिवाळी सगळं इथे झालं. पण बंध म्हणावा असा कागद नाही.

अजमान शहराला समुद्र आणि शारजा यांनी घेरलंय, पण या अमिरातीचे दोन तुकडे आत डोंगराकडे आहेत, मनामा आणि मसफूत. गेल्या हिवाळ्यात आम्ही मसफूतला गेलो होतो. हजर पर्वताच्या त्या रांगा पाहिल्यात का कुणी? झाड नाही, गवत नाही, नुसता तपकिरी-काळा दगड आणि मध्ये मध्ये हिरवट, हाताला गुळगुळीत लागणारा सर्पेंटाइन. हा डोंगर मुळात डोंगर नव्हता. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी तो समुद्राचा तळ होता आणि त्याखालचं प्रावरण, म्हणजे ज्याच्यापर्यंत जगात कुणाचं बोअरिंग सहजासहजी पोचत नाही ते. पृथ्वीच्या हालचालींत तो तळ अरबस्तानच्या काठावर सरकून चढला. संयुक्त अरब अमिराती आणि ओमान मिळून पसरलेला असा हा जगातला सगळ्यात मोठा आणि नावाजलेला तुकडा. तो चढत असताना त्याच्या बुडाशी जे खडक भाजून निघाले त्यांतल्या हॉर्नब्लेंडमध्ये अडकलेला आर्गनही साडेनऊ कोटीच्या आसपासचाच आकडा सांगतो.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होतो. लेकीने विचारलं, "म्हणजे बाबा, हा अख्खा डोंगर बाहेरून आलाय?"

"हो."

"मग आता तो इथलाच ना? साडेनऊ कोटी वर्षं झाली की!"

मी तिला म्हटलं, "दगडाला व्हिसा लागत नाही गं." ती हसली, पण प्रश्न तिने दगडाबद्दल विचारला नव्हता हे दोघांनाही कळलं होतं.

त्या हिरव्या सर्पेंटाइनबद्दलची एक गोष्ट तिला तेव्हा सांगायची राहिली, ती इथे सांगतो. समुद्राचं पाणी तळाच्या खडकांत झिरपलं की सर्पेंटाइन, अॅम्फिबोल अशी पाणी धरणारी खनिजं तयार होतात. (हॉर्नब्लेंड हेही अॅम्फिबोलच.) या खनिजांच्या जाळीत सहा-सहा दुव्यांची कडी असतात, बांगडीसारखी. काही बांगड्यांत सोडियम किंवा पोटॅशियम बसलेलं असतं, काही रिकाम्या राहतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात कॉलिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी अॅम्फिबोल प्रचंड दाबाखाली हेलियम आणि निऑन यांच्या सहवासात ठेवलं आणि मग आत किती वायू गेला ते मोजलं. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष छापले. वायू अपेक्षेपेक्षा फार जास्त शिरला होता, आणि रिकाम्या बांगड्या जितक्या जास्त तितका वायू जास्त!

यात मोठं काय? तर तोपर्यंत साधारण समज असा की हे वायू खोलातून वर येतात, ज्वालामुखीतून हवेत जातात आणि प्रवास तिथे संपतो. वाट एकेरी. पण २००६ मध्ये प्रावरणातून आलेल्या वायूंच्या अभ्यासात दिसलं, की त्यातल्या आर्गन, क्रिप्टॉन, झेनॉन या जड वायूंचं प्रमाण समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या वायूंसारखं आहे. २०११ मध्ये सर्पेंटाइनमध्येच हे वायू भरपूर सापडले. आणि दोन वर्षांनी या बांगड्यांनी ते बसतात कुठे त्याचा पत्ता दिला. समुद्रतळ जिथे दुसऱ्या भूखंडाखाली बुडतो तिथे तो ही खनिजं घेऊन खाली जातो, आणि खनिजांच्या पोटात बसून वायूही. म्हणजे हवेत गेलेला आळशी वायू समुद्रात विरघळतो, समुद्रातून दगडात शिरतो आणि दगडाबरोबर पुन्हा खाली जातो. सगळा नाही, थोडाच. पण परतीची वाट आहे. ती जन्माच्या जागी जाते असं मात्र नव्हे. ज्या खनिजात तो जन्मला ते केव्हाच वितळून गेलेलं असतं. त्याला मिळते ती दुसऱ्याच दगडातली, योगायोगाने रिकामी राहिलेली बांगडी.

हे वाचलं त्या सुमारास दादाचा फोन आला होता. आमचं गावचं घर आई गेल्यापासून बंद आहे. जांभ्याच्या भिंती, कौलं दर पावसाळ्याला सरकतात, आणि ते सगळं बघायला दादा-वहिनीलाच कणकवलीहून जावं लागतं. आता एक गिऱ्हाईक आलंय, त्याला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. दादा म्हणाला, "तू कायमचा येणार असलास तर मी ठेवतो. नसलास तर मुखत्यारपत्र करून पाठव. माझ्या गुडघ्यांना आता हे झेपत नाही रे." त्याचं काही चुकत नाही. दुबईच्या वकिलातीमार्फत मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेणं हे फार तर एका सकाळचं काम.

मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. चार दिवस विचार केला. खरं सांगायचं तर मी परत जाईन तेव्हा त्या घरातला 'मी' तिथे नसणार. ज्या आईच्या घरात मी वाढलो ते घर आई गेली तेव्हाच वितळलं. उरल्या आहेत त्या भिंती आणि रिकाम्या खोल्या. पण रिकामी जागा म्हणजे काहीच नाही असं आजवर जे वाटायचं, ते या बांगड्यांनी जरा हलवलं. कुणाला आत घ्यायचं तर आधी जागा रिकामी लागते. आणि ती कुणीतरी राखावी लागते, हे दगडाच्या बाबतीत लागू नसलं तरी घराच्या बाबतीत आहेच.

जांभा तसा आर्गनच्या घड्याळाला कुचकामी. पावसाने त्यातलं बहुतेक पोटॅशियम धुऊन नेलेलं असतं. पण त्यातही कुठे कुठे काळं मँगनीजचं खनिज असतं, ते पोटॅशियम धरून बसतं आणि आर्गनही. गोव्यात सांगे भागातल्या अशा खनिजांवरून जांभा तयार होण्याचा काळ चार कोटींहून अधिक वर्षं मागे गेलेला मोजता आलाय. इतक्या धुवांधार पावसात इतकी वर्षं काहीतरी टिकलंच की.

शेवटी मी दादाला कळवलं की कायमचा कधी येणार ते सांगता येत नाही, पण सही आत्ता करत नाही. यंदाच्या कौलांचा आणि गडीमाणसांचा खर्च माझा. वहिनीची आणि त्याची धावपळ नको म्हणून गावातल्याच एकाला महिन्याचे पैसे ठरवून किल्ली द्यावी. आणि ऑगस्टात आम्ही तिघंही येतोय, तेव्हा समोरासमोर बसून काय ते ठरवू. तोवर गिऱ्हाईक थांबला तर थांबला. दादा म्हणाला, "ऑगस्टात पावसात काय करणार तुम्ही?" त्याच्या आवाजात वैताग होता, पण फोन ठेवता ठेवता लेकीला काय खायला आवडतं तेही त्याने विचारून घेतलं.

लेकीला १८ तारखेला विजयदुर्गावर न्यायचं आहे. कट्ट्यांची दंतकथाही सांगेन आणि गुंटूरची खरी गोष्टही. आणि घरासमोरच्या कातळावर बसवून ती सर्पेंटाइनची राहिलेली गोष्ट. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी किल्ल्यावर येणार असाल तर जरूर कळवा, भेटू. पाऊस असणारच आहे, छत्री आठवणीने आणा.